स्प्रिंगफील्डचे वकीलसाहेब

अब्राहम लिंकन अमेरिकेचा अध्यक्ष होईपर्यंत गरीब, अपयशी वकील होता असं म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. इलिनॉय राज्याच्या विधानसभेवर तो चारदा निवडून आला, १८४७-४९ मध्ये काँग्रेसमध्येही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतही, बसला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा खटला जिंकून ५,००० डॉलर फी मागितली. रेल्वेने टाळाटाळ केल्यावर तिच्यावरच दावा ठोकून वसूल केली! घरचं मात्र अवघड. साहेब कितीतरी आठवडे गावोगावच्या कोर्टांच्या फेरीवर, बायको मेरीबाई पोरांना घेऊन एकट्या. दुसरा मुलगा एडी १८५० मध्ये चार वर्षांचा व्हायच्या आतच गेला. पुढे धाकट्या विली-टॅडला रविवारी ऑफिसात आणलं की पोरं पुस्तकं ओढायची, शाई सांडायची. वकिलीतला भागीदार हर्नडन दातओठ खायचा. बाप ढिम्म!