कोल्हापुरातली फौजी घरं: कुठं, कशी मदत मिळाली? आपापला अनुभव लिहा

परवा टेंबलाई टेकडीवर मिलिटरी कॅन्टीनच्या लायनीत उभी होते. पुढं एक आजी, नऊवारी नेसलेल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. साखर-तेल घ्यायला नव्हत्याच आल्या, पेन्शन का थांबली ते विचारायला आल्या होत्या. कॅन्टीनमध्ये! काउंटरवरचा पोरगा काय सांगणार बिचारा. मग लायनीतलेच एक रिटायर्ड सुभेदार साहेब त्यांना बाजूला घेऊन बसले, कागद बघितले आणि म्हणाले, आज्जी, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही तुम्ही. एवढंच होतं. आजी त्यासाठी भुदरगडातनं दोन एसट्या बदलून आलेल्या.

आपल्या जिल्ह्यात असं गाव नसेल जिथनं कोणी फौजेत नाही. शिरोळात तर टाकळीच्या नावापुढं सैनिक लागलंय. पण माहिती मिळते ती अशी, लायनीत नाहीतर लग्नात. म्हणून म्हटलं एका जागी लिहूया. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), स्कॉलरशिप, वसतिगृह, बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस (जिथं जवानांच्या सर्व्हिसची कागदपत्रं असतात), जे काय तुम्ही केलंय ते लिहा. कुठं अडलं तेही लिहा, पण कुठल्या ऑफिसचं, माणसाचं नाव घेऊन भांडण नको. आणि नुसतं "जय हिंद" लिहून जाऊ नका, प्लीज.

गडहिंग्लजची सून

ताई मीच सुरवात करते. लग्न झालं, हे आठ दिवसांत परत युनिटला. मला वाटलं लग्न झालं म्हणजे झालं. सहा महिन्यांनी दिवस गेले तेव्हा कळलं की आर्मीच्या कागदावर माझं लग्नच झालेलं नाही, कारण पार्ट टू ऑर्डरच, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डला लग्न-मूल चढवायची नोंद, पडली नव्हती. ती का पडली नाही, तर लग्नाच्या दाखल्यावर मी सुनिता, आधारवर सुनीता. एक वेलांटी! शिवाय आधारवर माहेरचंच आडनाव. पार्ट टू नाही म्हणून डिपेंडंट कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलात नाव लागेना. शेवटी बाळंतपण गावात खासगीत केलं, पैसे घरातनं गेले, ते काय परत मिळाले नाहीत.

मग सासऱ्यांनी मनावर घेतलं. आधार दुरुस्त, अ‍ॅफिडेव्हिट, सगळं यांच्या युनिटच्या क्लार्कला पाठवलं. आता पोरीचं नाव पण लागलंय. आमच्याकडनं कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, संकेश्वरावरनं सरळ गाडी आहे, त्यामुळं चंदगड-गडहिंग्लजवाल्यांनी उगाच कोल्हापूरच्या फेऱ्या मारू नका. नवीन लग्न झालेल्या पोरींनो, हळद उतरायच्या आत नवऱ्याला पार्ट टू विचारा. बाळ झालं की परत विचारा, बाळाची वेगळी पडते.

धागा काढणारी

वेलांटीवरनं अडकलेल्या तुम्ही चौथ्या आहात माझ्या ओळखीत. माझ्या जाऊबाईंच्या जन्मतारखेचा घोळ तर अजून निस्तरतोय.

शिरोळकर, माजी हवालदार

२०१९ च्या पुरात आमचं घर पत्र्यापर्यंत पाण्यात. बोट आली तेव्हा म्हातारी आणि दोन पोरं घेतली, म्हशीचं दावं सोडलं, बाकी सगळं आत. १७ वर्षं सर्व्हिस केली त्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतनं सुटल्याचं पुस्तक, लोखंडी पेटीत होतं, पेटी सापडली पण आत नुसता लगदा. बोटीवरचे जवान आपलेच भाऊ, मी त्यांना माझा आर्मी नंबर सांगितला, त्यांनी सॅल्यूट मारला, मला तिथंच रडू फुटलं. असो.

तर डिस्चार्ज बुक गेलं की दुसरं तसंच मिळत नाही, त्याच्या बदल्यात रेकॉर्ड ऑफिस सर्टिफिकेट देतं. पोलिसात नोंद, अ‍ॅफिडेव्हिट आणि जिल्हा सैनिक कार्यालयातनं अर्ज, असा रस्ता. माझी जुनी ओळखपत्राची झेरॉक्स मेव्हण्याकडं सापडली म्हणून बरं झालं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा पहिल्यांदा फाईल उचलली मग म्हस. बायको अजून बोलते त्यावरनं. सगळ्या कागदांचे फोटो काढून पोराच्या मोबाईलवर, पोरीच्या मोबाईलवर आणि एक सेट उंचावरच्या पाहुण्यांकडं ठेवा, नदीकाठच्यांनी तर ठेवाच.

आणखी एक, घरपट्टी कोण भरत असेल तर थांबा. माजी सैनिकांना घरपट्टी माफीची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना २०२० पासून आहे. सैनिक कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. आमच्या ग्रामसेवकाला मीच जीआर नेऊन दाखवला.

कळंब्याची आई

माझी चूक सांगते, दुसऱ्या कोणाची होऊ नये. मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, बारावीला ७८ टक्के. हे रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. प्रधानमंत्री स्कॉलरशिप असते माहीत होतं पण आम्हाला वाटलं फी भरून झाली, आता पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी गेलो तर कळलं की अर्ज पहिल्याच वर्षाला करायचा असतो. मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५००, म्हणजे चार वर्षांचे १,४४,००० रुपये आमच्या हातनं गेले. मी रात्रभर हिशोब करत बसले होते.

धाकट्याच्या वेळी मात्र बारावीचा निकाल लागल्यापासून केंद्रीय सैनिक बोर्डाची साईट रोज बघत होते, हे म्हणायचे अगं वेड लागलंय का. त्याला मिळाली. बारावीला ६० टक्के तरी पाहिजेत, कोर्स प्रोफेशनल पाहिजे, नुसतं बीए-बीकॉमला नाही. ऑनलाइन भरून झाल्यावर ओरिजिनल कागद घेऊन जिल्हा कार्यालयात दाखवायचे, तिथनं पुढं दिल्लीला जातं. आणि वडील अजून नोकरीत असतील तर ही मिळत नाही, माजी सैनिकांच्या पोरांनाच आहे, त्यामुळं वडील नोकरीत असलेल्यांनी उगाच फॉर्म भरत बसू नका.

आजऱ्याचा भावा

माझे वडील ८१, सुभेदार म्हणून रिटायर. आयुष्यभर पेन्शन बँकेत यायची, बँकेतला साहेब ओळखीचा, सही केली की झालं. आता स्पर्श आलंय, म्हणजे फौजेच्या पेन्शनची ऑनलाइन सिस्टीम. सगळं प्रयागराजवरनं चालतं, बँक नुसती पैसे जमा करते. मागच्या वर्षी मी सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामाचं केंद्र) नेऊन जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, करून आणलं, पावती फाईलला लावली, निवांत. तरी पेन्शन थांबली! का, तर सेंटरवरच्या पोरानं पेन्शन देणारा म्हणून जुनी बँक टाकलेली. तिथं स्पर्श निवडायचं असतं, मंजूर करणारं पण आणि देणारं पण. पावती तर हातात होती, आम्हाला काय कळणार.

दुसरी भानगड म्हणजे अंगठा. फौजेनंतर ४० वर्षं शेती, अंगठ्यावर रेघाच राहिल्या नाहीत. मशीन घेईना. मग चेहऱ्यावरनं होतं ते मोबाईलवर केलं, वडलांना, अण्णांना म्हटलं डोळे मिचकवा, ते म्हणाले आयुष्यभर डोळे उघडे ठेवायचे शिकवलं आणि आता मिचकवायला सांगतोस. ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, गर्दीच्या आधी उरकून घ्या.

आणि स्पर्शमध्ये लॉगिन करून आईचं नाव, जन्मतारीख बघून ठेवा हो. वडील आहेत तोवर दुरुस्ती सोपी आहे. वडील गेल्यावर आमच्या चुलतीला फॅमिली पेन्शन सुरू व्हायला ११ महिने लागले, पीपीओवर (पेन्शनच्या ऑर्डरवर) तिचं माहेरचं नाव होतं, ते पण चुकीचं.

कागलकर मुलगी

ईसीएचएसचं लिहिते. पप्पांना रात्री २ ला छातीत दुखायला लागलं, जवळचं जे हॉस्पिटल होतं तिथं नेलं, ते ईसीएचएसच्या पॅनेलवर, म्हणजे यादीत, नव्हतं. तेव्हा कोणाला डोकं असतंय बघायला. सकाळी मैत्रिणीच्या वडिलांनी फोन करून विचारलं की पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, कळवलं का. पॅनेलवर नसलेल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीत नेलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायला लागतं. भाऊ कार्ड घेऊन पळाला. पप्पा वाचले, बिलातले बरेचसे पैसे नंतर ईसीएचएसच्या रेटप्रमाणे आले, सगळे नाही आले. तो फोन आला नसता तर काहीच आलं नसतं. दुसऱ्या एका हॉस्पिटलनं, पॅनेलवर असून, डिपॉझिट भरा म्हणून अडवलं होतं, पॉलिक्लिनिकमधनं फोन गेल्यावर गप्प बसले. बोलायला शिका, एवढंच.

एक वीरपत्नी

नाव नाही लिहीत. सहा वर्षं झाली.

पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढारी, फोटो, शाल, श्रीफळ. माझ्याकडं आता २३ शाली आहेत, मोजल्यात. सोळाव्या दिवशी मी, सासू आणि तीन वर्षांचा मुलगा. तेव्हा खरं कामाला आले ते यांच्या युनिटचे एक जेसीओ (सुभेदार दर्जाचे) साहेब, जे प्रत्येक कागद कशाचा आहे ते समजावून सांगायचे आणि म्हणायचे, वाचल्याशिवाय सही करू नका, मी समोर ठेवला तरी. आणि सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक, जे तालुक्याच्या फेरीला आले की घरी यायचे. नुसते चहा प्यायला नाही, मागच्या वेळी काय राहिलं होतं ते वहीत लिहून आणलेलं असायचं.

पैशावरनं घरात वाद झाला. होतो, सगळीकडं होतो, कोणी बोलत नाही. काही रक्कम आईवडिलांना, काही बायकोला, लोक मध्ये पडून कान भरतात. तेव्हा वकिलाला द्यायला माझ्याकडं पैसे पण नव्हते आणि हिंमत पण. आता नालसाची (फुकट कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) वीर परिवार सहायता योजना आलीय, २६ जुलै २०२५ पासून, सैनिक बोर्डाच्या ऑफिसात फुकट कायदेशीर सल्ल्याची सोय करायची आहे त्यात. माझ्या वेळी असती तर सासू आणि मी दोन वर्षं एका घरात अबोल राहिलो नसतो. आता बोलतो. तीच मुलाला शाळेत सोडते.

झोप लागत नसेल, विचार येत असतील तर १४४१६ ला फोन करा, टेलि मानस, सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, मराठीत बोलतात. मी केलाय. त्यांचा फौजी लोकांसाठी वेगळा सेल पुण्याच्या एएफएमसीत (फौजेचं मेडिकल कॉलेज) २०२३ मध्ये सुरू झाला.

धागा काढणारी

ताई, काय लिहू. लिहिलंत, हेच खूप आहे.

राधानगरी, सध्या सर्व्हिसमध्ये

लेह साईडला आहे, नेट आलं की लिहितोय. घरी बांधावरनं भांडण, चुलत्यानं दोन सऱ्या आत घेतल्या. आई एकटी तलाठी-तहसील करत होती, तारखेला मी कुठला येणार. शेवटी सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या प्रमुखांना, सांगितलं, त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र दिलं, कॉपी सैनिक कार्यालयाला. महिन्यात मोजणी लागली. पत्राला वजन असतंय भावांनो, लाजू नका. आणि कोर्टात केस असेल तर सैनिकांसाठी १९२५ चा जुना कायदा आहे, अटीत बसत असेल तर युनिटच्या सर्टिफिकेटवर केस तात्पुरती थांबवता येते, वकिलाला विचारा, बऱ्याच वकिलांना माहीत नसतो. नेट जायलंय, बाय.

वसतिगृहातला

मी सैनिकी मुलांच्या वसतिगृहात राहून शिकलो. पप्पा बारामुल्लाला, आई गावात. तिथं सगळ्यांचेच वडील लांब होते, त्यामुळं पालक मीटिंगला कोण आलं नाही म्हणून कोणी हसायचं नाही. एवढंच. आता नोकरी आहे.

अग्निवीराचा बाप

आमचं पण लिहितो, कोणी विचारत नाही म्हणून. पोरगा पहिल्या बॅचचा, जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला गेला. आता चार वर्षं संपत आली की पोटात गोळा. पगारातनं दर महिन्याला ३० टक्के कापून सेवानिधी, शेवटी व्याजासकट ११.७१ लाखाच्या आसपास मिळतील म्हणे. पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. पंचवीस टक्क्यांपर्यंत पक्के घेतात, त्यात नंबर लागला तर लागला. म्हणजे तुम्ही वर जे सगळं लिहिलंय त्यातलं निम्मं आम्हाला लागूच नाही. तरी सर्व्हिसमध्ये असेपर्यंत ४८ लाखाचा विमा आहे, नॉमिनी कोण ते मी फोनवर विचारलं तर पोरगा म्हणाला, बाबा असलं कशाला विचारताय. विचारायला लागतंय रे.

कोण सांगेल का, पुढं निमलष्करीत जायचं तर आरक्षणाचा कागद युनिटच देतं की इथनं काढायचा? ११ लाख आले की म्हशी घ्यायच्या म्हणतोय, मी म्हणतोय आधी परीक्षा दे.

माजी हवालदार, शिरोळकर

पाव्हणं, पोराला डिस्चार्जच्या आधी स्किल सर्टिफिकेट युनिटमधनं घेऊनच बाहेर पडायला सांगा. नंतर मागे लागलं की कोण दाद देत नाही. आणि म्हशी वाईट नाहीत.

गडहिंग्लजची सून

ते सगळं राहू दे, शिरोळच्या काका, तुमची म्हस वाचली का पुरात?

शिरोळकर, माजी हवालदार

वाचली की. दावं सोडलं होतं ना. तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडच्या रस्त्याला सापडली, अंगावर शेवाळ, पण ताठ.