बँकॉकची खरेदी आणि आपली लॉबी

(जळगावातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

दादा ए-१०१: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरं बँकॉकला चाललोय. बी-२०३ वहिनी नुकत्याच जाऊन आल्या आहेत. वहिनी, खरेदीचं जरा सविस्तर लिहा ना.

वहिनी बी-२०३: मधे शनिवार-रविवार येतोय का ते आधी बघा. चतुचक बाजार पूर्ण भरतो तो त्याच दोन दिवशी. १५,००० च्या वर दुकानं, २७ विभाग. आवडलं की तिथेच घ्यायचं. "पुढे बघून येऊ" म्हटलं की संपलं. एका निळ्या बरणीसाठी मी पाऊण तास फिरले, ते दुकान काही परत दिसलं नाही.

काकू ए-३०२: आणि कपडे गं?

वहिनी बी-२०३: प्रातुनाम. आपलं फुले मार्केटच समजा. शेजारी प्लॅटिनम म्हणून एसी मॉल आहे. बऱ्याच दुकानांत तीन नग घेतले की होलसेल भाव लागतो, तेव्हा तिघी मिळून घ्या. भाषेचं टेन्शन नको. ते कॅल्क्युलेटर पुढे करतात, आपण आपला आकडा दाबायचा. ते हसतात, आपण हसायचं, परत दाबायचा 😄

भाऊ सी-००२: मन्हा करता काय आनं वहिनी?

वहिनी बी-२०३: हत्तीची पँट आहे भाऊ, नेता का? राजवाड्यातल्या मंदिरात, वाट फ्रा केव नाव त्याचं, हे हाफ पँटीवर गेले. दारातच अडवलं. गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. बाहेर हत्तीच्या छापाची पँट घेतली, रस्त्यातच चढवली. हल्ली रोज सकाळी तीच घालून दूध आणायला उतरतात, सगळ्यांनी बघितलीच असेल.

दादा ए-१०१: 😂😂

वहिनी बी-२०३: अजून एक. राजवाड्याबाहेर एक रिक्षावाला म्हणाला, आज आत पूजा आहे, बंद आहे, चला दुसरीकडे नेतो. नेलं कुठे, तर खड्यांच्या दुकानात! मंदिर उघडंच होतं. स्वतः दारापर्यंत जाऊन बघा. आणि मंदिरं सकाळीच उरका, दुपारी फरशी तापते, पाय भाजतात. बाजार नंतर.

काका ए-२०४ (चेअरमन): सोनं कसं काय तिथे?

वहिनी बी-२०३: काका, जळगावच्या माणसाने हे विचारायचं? चायनाटाउनमधे, यावराटच्या रस्त्यावर, ओळीने लाल रंगाची सराफी दुकानं आहेत. दागिना ९६.५ टक्के शुद्ध, आपलं २२ कॅरेट ९१.६. गंमत म्हणजे पैसाही बाट आणि सोन्याचं वजनही बाट. एक बाट सोनं म्हणजे साधारण १५.२ ग्रॅम. पण आठ दिवस जाऊन येणाऱ्याला कस्टममधे दागिन्यांची वेगळी सूट नाही. बघायचंच असेल तर जवळच वाट त्रायमित मंदिर आहे. साडेपाच टन सोन्याचा बुद्ध! कित्येक वर्षं वरून नुसता चुन्याचा गिलावा होता, कुणाला पत्ता नाही. १९५५ मधे हलवताना दोर तुटला, मूर्ती आपटली आणि गिलाव्याला तडा गेला.

काका ए-२०४ (चेअरमन): वा! दादा, मग एक काम करा. बुद्धाचं ते नुसतं मस्तक मिळतं ना, शांत चेहऱ्याचं, तसं एक आणा. लॉबीत चपलांच्या रॅकवर छान दिसेल. सोसायटी पैसे देईल.

ताई सी-३०४: जय भीम. काका, राग मानू नका, पण रॅकवर नको. तिथल्या लोकांनाही चालत नाही. "बुद्ध शोभेची वस्तू नाही" असे मोठे फलक लावलेत त्यांनी. शिवाय मूर्ती देशाबाहेर न्यायला त्यांच्या ललितकला खात्याचा परवाना लागतो, गळ्यात घालायचं छोटं पदक सोडून.

काका ए-२०४ (चेअरमन): तसा हेतू नव्हता हो ताई.

ताई सी-३०४: माहितीये काका. पण चपला काढताना रोज बघायचं म्हणजे कसंतरी वाटतं. दादा, वाट फोला मात्र वेळ काढून जा. वाट म्हणजे विहारच. ४६ मीटरचा आडवा बुद्ध, तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ चिन्हं. पाठीमागे १०८ भांडी ओळीने, लोक एकेक नाणं टाकत जातात. बाहेर येईपर्यंत ती टिंग टिंग कानात राहते. मला आपल्या अजिंठ्याची २६ नंबरची लेणी आठवली. तो बुद्ध सात-एक मीटरचा, पण खाली रडणारे शिष्य कोरलेत ना, तिथून माझा पाय निघत नाही.

काकू ए-३०२: अजिंठा ६० किलोमीटर आणि आमच्या नातवाने अजून पाहिलं नाही 🙈

ताई सी-३०४: भिक्खूंना बायकांनी हातात हात लागेल असं काही देऊ नये, तेवढं लक्षात ठेवा.

दादा ए-१०१: ठीक. काका, मस्तक रद्द. मग काय आणू?

काका ए-२०४ (चेअरमन): फुलदाणी आणा एखादी. मोठी.

दादा ए-१०१: किती मोठी? २० किलो सामानाची परवानगी आहे, त्यातले १५ प्रातुनामचे धरा.

वहिनी बी-२०३: निळी बरणी दिसली तर माझीपण 🙏