तोंडी हिशेब आधी, पाढे नंतर
प्रौढांना गणित शिकवताना ‘आधी पाढे पक्के, मगच टक्केवारी’ असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. प्रौढांना बऱ्याचदा हिशेब येतो, तो कागदावर मांडता येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांच्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात, दुकानात कोणती वस्तू स्वस्त पडते हे लोकांनी ९८ टक्के वेळा बरोबर ठरवलं. लेखी अंकगणितात त्यांचीच सरासरी ५९ टक्क्यांवर आली!

म्हणून मी आधी तोंडी उत्तर विचारते, मग ‘कसं काढलंत?’ आणि सांगतील त्याच पायऱ्या लिहायला लावते. २४० चे १५ टक्के? दहा टक्के २४, त्याचे निम्मे १२, झाले ३६. परीक्षेत रीत दाखवायला सांगतात तेव्हा हेच लिहायचं. सूत्र पाहून हात आखडणारी माणसंही स्वतःची रीत मात्र न घाबरता लिहितात.