पोस्टग्रेस: जुन्या टेबलला क्रिएटेड_ॲट जोडताना डीफॉल्ट कसा द्यावा?

कोकणकडा
डेटाबेस पोस्टग्रेस १५. ऑर्डर्स टेबलात आधीच ४० लाख रेकॉर्ड आहेत. क्रिएटेड_ॲट हा कॉलम (रेकॉर्ड कधी तयार झालं ती वेळ) डेटाबेसनेच भरायला हवा. टेस्ट सर्व्हरवर ॲड कॉलम करतानाच डीफॉल्ट (काही दिलं नाही तर आपोआप भरायचं मूल्य) म्हणून नाऊ(), म्हणजे आत्ताची वेळ, दिला. काम चुटकीसरशी झालं, पण सगळ्या जुन्या रेकॉर्डना एकच वेळ लागली, तीही आजची. टाळायचं कसं? आणि कॉलमचा प्रकार साधा टाइमस्टॅम्प घ्यावा की टाइमझोन पाळणारा टाइमस्टॅम्पटीझेड?

सातबारा
आवृत्ती ११ पासून असा डीफॉल्ट ऑल्टरच्या क्षणी एकदाच काढून कॅटलॉगमध्ये (टेबलांच्या रचनेची डेटाबेसची स्वतःची नोंदवही) ठेवतात. रेकॉर्डना हातच लागत नाही, म्हणून तर इतकं झटपट. दोन पायऱ्यांत करा:

ऑल्टर टेबल ऑर्डर्स ॲड कॉलम क्रिएटेड_ॲट टाइमस्टॅम्पटीझेड;
ऑल्टर टेबल ऑर्डर्स ऑल्टर कॉलम क्रिएटेड_ॲट सेट डीफॉल्ट नाऊ();

सेट डीफॉल्ट फक्त पुढच्या इन्सर्टना लागतो. जुने नल (रिकामे) राहतील. राहू द्या, खोट्या तारखेपेक्षा नल बरा. नॉट नल (रिकामं चालणार नाही ही अट) मात्र आत्ता लागणार नाही. त्याऐवजी तशीच चेक अट लावून नॉट व्हॅलिड (जुने रेकॉर्ड न तपासता) ठेवायचा मोह होईल, पण मग जुन्या ऑर्डरचा नुसता स्टेटस बदलायला गेलात तरी अपडेट अडेल, कारण चेक अपडेटलाही तपासला जातो.

नाऊ() कंसासकट लिहा. अवतरणात 'नाऊ' लिहिलंत तर डीफॉल्ट ठरवला त्या क्षणाचीच वेळ कायमची गोठते.

उलटा_जॉइन
टाइमस्टॅम्पटीझेडच. दोन्ही ८ बाइटचे, त्यामुळे साध्यात बचत शून्य. साध्या टाइमस्टॅम्पमध्ये नाऊ() सेशनच्या टाइमझोनप्रमाणे उतरतो: ॲप यूटीसीत आणि तुमचं सेशन आशिया/कोलकातात असेल, तर एकाच क्षणाच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचा फरक.

कोकणकडा
दोन पायऱ्यांनी जमलं. पण ॲपमधून आलेल्या काही नव्या ऑर्डरमध्येही नल दिसतोय.

सातबारा
ओआरएम (ॲपच्या कोडमधून क्वेरी बनवणारी लायब्ररी) इन्सर्टमध्ये क्रिएटेड_ॲटला नल पाठवत असणार. लॉगमध्ये क्वेरी बघा. कॉलम यादीतच नसेल किंवा त्याजागी डीफॉल्ट हा शब्द असेल, तरच डीफॉल्ट लागतो. स्पष्ट नल म्हणजे नलच. ओआरएममधल्या टेबलाच्या मॉडेलमधून तो कॉलम इन्सर्टपुरता वगळा. ॲपला हात लावता येत नसेल तर बिफोर इन्सर्ट ट्रिगरमध्ये (इन्सर्टआधी डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) न्यू.क्रिएटेड_ॲट := नाऊ();

उलटा_जॉइन
नाऊ() ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या क्वेरींचा गट) सुरू झाल्याची वेळ देतो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये हजार ऑर्डर इम्पोर्ट केल्या तर हजारांची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत तीच. म्हणून क्रम लावताना ऑर्डर बायमध्ये क्रिएटेड_ॲटमागे आयडी लावा. प्रत्येक रेकॉर्डची खरी वेळ हवी तर क्लॉक_टाइमस्टॅम्प(), पण तोही सेट डीफॉल्टनेच द्या. ॲड कॉलममध्ये दिलात तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर सिलेक्टसुद्धा लॉकवर थांबतात.