गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास: मुलुंडहून विचारणा

प्रेषक: मुलुंडकर (पूर्वाश्रमीचा ह्यूस्टनकर)

मंडळी, नमस्कार.

ह्यूस्टनच्या आपल्या मंडळाच्या ईमेल यादीतून माझं नाव अजून कुणी काढलेलं नाही, त्याचा फायदा घेतो. इकडे परत आल्यावर डबल कॅब पिकअप घेतली. सेकंडहँड, डिझेल, ऑटोमॅटिक. जव्हारजवळ आंब्याची कलमं लावली आहेत, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात मागे ५०० लिटरची टाकी भरून नेतो. वाडा रस्त्याचे खड्डे नकोत म्हणून घोडबंदरमार्गे जातो. गेल्या शनिवारी गायमुखच्या चढावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि खालून करपल्यासारखा वास यायला लागला. तेव्हापासून दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना नुसती रेस वाढते, गाडी काही ओढत नाही.

नाक्यावरच्या मेकॅनिकने थोडं तेल काढून दाखवलं. लाल असायला हवं ते काळपट तपकिरी आलं, वास तोच. तो म्हणतो, मशीन लावून फ्लश करू. दुसरा म्हणतो, गिअरबॉक्सच उतरवा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, सील्ड आहे, तेल बदलायचं नसतंच! तुमच्याकडे घरटी एक पिकअप, म्हणून विचारतोय.

प्रेषक: केटीचे काका (ह्यूस्टनजवळचं केटी)

अरे, आधी त्या फ्लशच्या मशीनला हात लावू देऊ नकोस. यावर इथेही दोन तट आहेत, पण माझं मत पक्कं आहे. वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलात क्लच प्लेटच्या अस्तराची भुकटी असते, आत चिकट थर बसलेला असतो. जोराने तेल ढकललं की ती घाण सुटते आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये जाऊन अडकते.

दुसरं म्हणजे, तेल जळलं हा परिणाम झाला. ते तापलं कशाने ते शोध, नाहीतर नवं तेलही असंच काळं करशील. ऑटोमॅटिकमध्ये सगळ्यात जास्त उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होते. तो लॉक होऊन (लॉकअप) इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले गेलेले नसले की इंजिन जास्त फिरतं, गिअरबॉक्स कमी, आणि मधला फरक तेल घुसळण्यात जातो. मागे अर्धा टन पाणी, समोर चढ, वेग इतका कमी की लॉकअप लागत नाही, रेडिएटरला वारा नाही. अजून काय हवं? तेल साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसमध्ये सुखी असतं. त्यापुढे दर १०-११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं असा इथला ढोबळ हिशेब आहे. १२० च्या आसपास ते आत थर सोडायला लागतं. मग सील कडक होतात, प्लेट घसरतात आणि घसरल्या की आणखी तापतात.

स्कॅनर लाव. पी०२१८ हा कोड आला तर तेल जादा तापल्याची नोंद आहे, पी०७४१ आला तर लॉकअपच नीट लागत नाही. मग तेलाची पातळी बघ. तुझ्या गाडीला डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नसणार. गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि तेल पुस्तकात दिलेल्या तापमानाला (बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंश) असताना चेक प्लग उघडायचा. बारीक धार आली की पातळी बरोबर. गरम तेल फुगलेलं असतं, तेव्हा मोजलंस तर कमी भरशील. तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटर आतून फुटून कूलंट मिसळलंय. मग गाडी चालू न करता टो करून ने.

खरा निकाल गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन उतरवल्यावर लागतो. आतल्या चुंबकावर राखाडी लेप असतोच. बोटाने पुसला जाऊन नुसता मऊ लागला, तर घाबरू नकोस. टोचणारे कीस किंवा अस्तराचे काळे तुकडे असतील तर तो दुसरा मेकॅनिक बरोबर, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

प्रेषक: कलिन्याची भाची (सुट्टीवर)

मामांचं सीएसटी रोडला स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, त्यांना विचारलं. इथे पॅन म्हणू नका, ‘चेंबर’ म्हणा. फिल्टर आणि चेंबरचं पॅकिंग चॅसिस नंबर दाखवूनच घ्या, एकाच मॉडेलमध्येही फरक असतो. तेल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं म्हणून सुटं तेल देतील, ते घेऊ नका.

प्रेषक: मुलुंडकर

चेंबर माझ्यासमोर उतरवलं. चुंबकावर जाड लेप होता, पण कीस नाही, तुकडे नाहीत. पी०२१८ होता, ०७४१ नव्हता. एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीत गेल्या पावसाळ्यातला लाल चिखल वाळून घट्ट बसला होता, वर किड्यांचा थर. तेलाचा कूलर त्याच रेडिएटरच्या टाकीत आहे. चिखल आतल्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने धुवून काढला. फिल्टर, पॅकिंग, तेल सगळं नवं. नुसती रेस वाढणं बरंच कमी झालंय, पण सकाळी गाडी थंड असताना अजून थोडी अडते.

प्रेषक: केटीचे काका

अडेल थोडी. ड्रेन केल्यावर फार तर निम्मं तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. काही शे किलोमीटर चालव, परत काढ, निघेल तेवढंच नवं भर. मग स्कॅनरवरून गिअरबॉक्सचं जुनं लर्निंग (गिअर कसे बदलायचे याची त्याने साठवलेली नोंद) पुसून घे. एवढं करूनही घसरत राहिली तर प्लेट गेल्या असं समज, मग तेलावर पैसे घालू नकोस.

टाकी जव्हारला पोचल्यावर भरता येत नाही का? आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाब. पुढे जागा झाली की मॅन्युअल मोडला पहिल्या गिअरमध्ये एका दमात पुढे जा. स्कॅनरवर तेलाचं तापमान चालू गाडीत दिसतं. पुढच्या शनिवारी घाटात ते किती जातं ते कळव, ११० ओलांडलं तर वेगळा कूलर बसवून घे.