बागेच्या कामात डिझायनरला कधी बोलवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरला बागांची कामं घेतो. लॉन, रोपं, ठिबक आमची माणसं चोख करतात. आता बिचोलीकडे एका बंगल्याचं काम आलंय. जागा उताराची, मालकांना दीड मीटरची भिंत घालून दोन टप्पे हवेत. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात भिंतीमागे पाणी साचलं तर भिंत पुढे ढकलली जाते. भिंतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर घेणार, ते ठरलंय. पण उतार, निचरा, एकूण मांडणी यासाठी मालकांना कोटेशन देण्याआधीच लँडस्केप आर्किटेक्टला आणावं का? मला तेच योग्य वाटतं, कारण नकाशा नंतर बदलला की सगळा हिशेब कोलमडतो. आणि त्यांची फी मालकांनी थेट द्यावी की आमच्या बिलातून? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात मालकांना उत्तर द्यायचंय.