मामांचं इंजिन दोन फेऱ्यांत दमतं: जेट, पाणी की तेल?

शुभांगी, इस्लामपूर

नमस्कार मंडळी. माझे थोरले मामा इंग्लंडात असत. गेल्या वर्षी ते गेले आणि मामींनी त्यांची एक लाकडी पेटी माझ्याकडे पाठवली. आत ३२ मिलिमीटर रुळावर चालणारं, गॅसवर वाफ करणारं सहाचाकी इंजिन निघालं. हिरवा रंग, फक्त चिमणीच्या बुडाशी जळून तपकिरी झालेला. लहानपणी मामांबरोबर नेरळहून माथेरानला गेले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्या गाडीचा रूळ याच रुळाच्या एकोणिसाव्या हिश्श्याएवढा आहे." पेटी उघडल्यावर फुटपट्टी लावून पाहिलं. माथेरानचा ६१० मिलिमीटर, भागिले १९. जवळपास ३२.

गच्चीवर सुमारे दहा मीटरचा लंबगोल घातलाय. आता अडचण. पाणी घरच्या बोअरचं भरते, गॅस जनरल स्टोअरमधला लायटरचा. आग पेटते, पण वाफेच्या दाबाचा काटा २० पाउंडावर यायलाच बावीस मिनिटं लागतात. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडायची चावी, उघडला की दोन फेऱ्या, मग काटा ५ वर आणि गाडी उभी. चिमणीतून काळं पाणी उडतं. सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, ४० पाउंडाचा आहे असं पुस्तिकेत लिहिलंय, तो एकदाही उघडलेला नाही. तेल म्हणून मोटारसायकलचं इंजिन ऑइल घातलंय.

जेटमध्ये, म्हणजे ज्या बारीक भोकातून आगीला गॅस येतो त्यात, बारीक सुई घालून पाहू का? घरच्या सिलिंडरमधून गॅस भरला तर आग जोरात लागेल का? भाऊ म्हणतो बॉयलर फुटेल, ठेवून दे कपाटात. मला ते कपाटात ठेवायचं नाही.

नेरळ६१०, सांगली

ताई, आधी सुई खाली ठेवा. आणि जेटच्याही आधी सेफ्टी व्हॉल्व्ह बघा.

तो उघडला नाही, कारण दाब तिथवर पोचलाच नाही. पण पोचल्यावर तो उघडतो, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. किती दिवस पेटीत पडून होता कोण जाणे, त्यावर तुम्ही बोअरचं पाणी दिलंय. क्षाराने तो जागीच धरला असेल आणि तुम्ही जेट साफ करून आग वाढवलीत, तर भावाची भीती खरी ठरेल. म्हणून क्रम बदलू नका. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह आटे फिरवून काढा, दांडी बोटाने दाबून बघा, स्प्रिंगवर खालीवर सरकली पाहिजे. पांढरी पूड दिसली तर कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात बुडवा, धुवा, ओ-रिंग (रबरी कडं) नवी घाला. बॉयलर तांब्याचा असतो, चांदीच्या सोल्डरने जोडलेला, घाबरायचं कारण नाही. तरी वारसाने आलेल्या बॉयलरची एकदा थंड पाण्याच्या दाबावर परीक्षा करून घ्या, चालत्या दाबाच्या दीडपट. तुमच्या बाबतीत ६० पाउंड. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही सुटलंच तर नुसतं ठिबकतं, उडत नाही.

आता जेट. दाब न चढण्याची आणि न टिकण्याची लक्षणं त्याचीच आहेत. भोक केसासारखं असतं आणि लायटरच्या स्वस्त गॅसमध्ये तेलकट अंश असतो, तो तिथे साठतो. माझ्या पहिल्या इंजिनाचं जेट मी शिवणाच्या सुईने साफ केलं होतं. पितळ मऊ, भोक लंबगोल झालं. ज्योत एका अंगाला झुकली आणि आगीच्या नळीत एका बाजूला काळानिळा भाजलेला पट्टा उमटला. नवं जेट परदेशातून यायला तीन महिने गेले. तेव्हा असं करा: जेट काढा, रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवा, मग गॅसच्या डब्याचं तोंड जेटच्या पुढच्या बाजूला टेकवून उलट दिशेने दोनतीन फुंकरा मारा. हे उघड्यावर, जवळ कुठेही ज्योत नसताना. उजेडासमोर धरलंत की गोल ठिपका दिसला पाहिजे. परत बसवताना आट्यांवर टेप गुंडाळू नका, टेपचा एक तंतू आत गेला की पुन्हा तेच. सांध्यावर साबणाचा फेस लावून गळती तपासा, मगच काडी ओढा.

घरच्या सिलिंडरचा विचारही नको. त्यात ब्यूटेनबरोबर प्रोपेन असतो, दाब कितीतरी जास्त, आणि तुमच्या कॅबमधली चिमुकली टाकी फक्त ब्यूटेनसाठी केलेली आहे. नुसत्या ब्यूटेनचाच दाब २० अंशाला साधारण २ बार असतो, ४० अंशाला पावणेचार. म्हणजे एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर तुमचं इंजिन आपसूकच तापट होणार. मी उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला गाडी काढतो आणि गॅसची चावी जेमतेम उघडी ठेवतो.

पाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: बोअरचं पाणी बॉयलरला विष आहे. मी पावसाचं वापरतो. पहिले दोन पाऊस गच्चीची धूळ धुवायला सोडून द्यायचे, तिसऱ्यापासून भरायचं, चौपदरी सुती कापडातून गाळून बरण्यांत ठेवायचं. दोन बादल्या वर्षभर पुरतात. इन्व्हर्टरचं पाणी चालतं की नाही यावर जाणत्यांत वाद आहेत. निव्वळ क्षारमुक्त पाणी पितळेतलं जस्त ओढून घेतं असं काहीजण म्हणतात, म्हणून मी त्या वाटेला गेलोच नाही. बॉयलर काठोकाठ भरा आणि मग सिरिंजने ३० मिलिलिटर काढून घ्या, वाफेला जागा लागते. एक नियम मोडू नका: पाण्याच्या आधी गॅस संपला पाहिजे. म्हणून गाडी चालवताना मध्येच गॅस पुन्हा भरायचा असेल तर आधी पाणी.

तेल आजच काढून टाका. मोटारसायकलचं तेल ओल्या वाफेत टिकत नाही, धुऊन जातं, उरलेल्याचा कोळसा होतो. औद्योगिक तेलवाल्याकडे "स्टीम सिलिंडर ऑइल, ४६०" मागा. काकवीसारखं दाट असतं. तेलाच्या डबीत वाफ शिरते, थंड होऊन पाणी होते, पाणी तळाला बसतं आणि तेवढं तेल वर उचलून वाफेच्या नळीत सोडतं. एवढं साधं, एकही हलता भाग नाही, आणि इतकं बिनचूक की दर वेळी बघताना मला आनंद होतो. म्हणून दर वेळी गाडी चालवून झाल्यावर डबीच्या तळातलं पाणी सिरिंजने ओढायचं आणि तेल काठापर्यंत भरायचं. ओढलेलं पाणी जेवढं, तेवढं तेल गेलं. पाणी निघालंच नाही तर सिलिंडर कोरडे चाललेत.

चिमणीतून सुरुवातीला पाणी उडतं तो दोष नाही. सिलिंडर थंड असतात, आत वाफेचं पाणी होतं. हाताने हळूच पुढेमागे ढकला, दोनतीन वेळा थुंकेल, मग चाल धरेल. जोर लावू नका, कोंडलेलं पाणी दांडे वाकवतं.

माझे वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज कारखान्यात फिटर होते. गाडी शेडमधून निघण्याआधी ते तेलाच्या कुपीवर बोट टेकवून बघत. मीही अजून तेच करतो.

वाफ_आणि_धुकं, रेडिंग

आमच्याकडे नेमकं उलटं. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे जानेवारीत टाकीतून गॅस निघतच नाही. गॅस जसजसा निघतो तशी टाकी आणखी गार पडते. इथली मंडळी थंडीत ७०/३० ब्यूटेन-प्रोपेन मिश्रण भरतात. ताई, मामांच्या पेटीत तसा डबा असेल तर तो तिकडच्या उन्हात अजिबात वापरू नका.

पाणसळ, पुणे

रुळाचा उतारही बघा. रेडिओ कंट्रोल नसेल तर गच्चीच्या पाण्याच्या वाटेकडे गाडी सुसाट जाते आणि चढावर मरते. गच्चीला ढाळ असतोच. मी रुळाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सरकवून दर अर्ध्या मीटरला पाणसळ लावली होती, अख्खा रविवार गेला.

शुभांगी, इस्लामपूर

नेरळ६१० काका, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केलं. सेफ्टी व्हॉल्व्ह खरंच अडकला होता. दांडी बोटाने हलेना. लिंबूसत्वात दोन तास ठेवल्यावर टक्कन सुटली. तो आवाज ऐकून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

जेट ॲसिटोनमधून काढल्यावर आधी काहीच दिसेना, चौथ्या फुंकरीला ठिपका दिसला. बॉयलरमधून तीन वेळा पांढरट पाणी निघालं, मग स्वच्छ. दाबाची परीक्षा सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये झाली, ६० वर अर्धा तास थेंबही नाही. सिलिंडर ऑइल एक लिटरच्या खाली मिळालं नाही, आता जन्मभराचं झालं. पाऊस लांब आहे, तोवर माझ्या शाळेतली सहकारी तिच्या हौदातलं गेल्या वर्षीचं पागोळ्यांचं पाणी देते.

आज सकाळी सात वाजता पेटवलं. ज्योत निळी, घुमल्यासारखा आवाज. साडेसात मिनिटांत ४० आणि व्हॉल्व्ह फुसकन उघडला. भाऊ दोन पावलं मागे गेला, मग पुढे आला. एकोणीस मिनिटं गाडी चालली. फेऱ्या मोजायच्या राहून गेल्या. मामींना व्हिडिओ पाठवला, त्यांनी शिट्टीचा आवाज तीनदा मागवला.

एक राहिलं: रेग्युलेटरच्या दांडीजवळून थेंबथेंब वाफ येते. ग्लँड (दांडीभोवतीची वाफ अडवणारी भरण) बदलावी लागेल का?

नेरळ६१०, सांगली

लगेच बदलू नका. ग्लँडचं नट गरम असताना पाव आटा आवळा. रेग्युलेटर बोटांनी सहज फिरला पाहिजे, जड लागला तर तेवढाच सैल करा. तरी गळलं तर नट काढून ग्रॅफाइटची दोरी दोन वेढे घाला. आणि डबीतून पाणी किती निघालं ते कळवा.